मडक्यातला पाहुणा

पाण्यातून वर आलेल्या कुठल्याही जिवाकडे हिराने आजवर एकाच नजरेने पाहिलं होतं: ताजा आहे की शिळा. जन्म सगळा मालवणात, दांडीच्या किनाऱ्यावर गेला. मासा हातात आला की कल्ला उचलायचा, पोटाशी बोट दाबायचं, आणि एक तर पाटीत टाकायचा नाही तर तोंड वाकडं करून परत द्यायचा. म्हणून नातीने काचेच्या पेटीवरचा ओला टॉवेल बाजूला केला आणि "आजी, बघ ना" म्हटलं, तेव्हा हिराच्या तोंडून नेमकं नको ते निघालं.

"अगो बाय माझे! पाल ती!"

"पाल नाही गं आजी." जान्हवीचा चेहरा पडला. "न्यूट आहे. बेडकांच्या नात्यातला. टिकू नाव आहे त्याचं."

बेडकांचा सोयरा असो नाही तर मेहुणा, दिसायला ती पालच होती. बोटाएवढी, काळी कुळकुळीत, आणि पोटाखाली शेंदूर फासल्यासारखी लाल. घरात पाल चुकचुकली तरी हिरा जमिनीवर बोट आपटून कृष्ण कृष्ण म्हणायची, आणि इथे तर पाल पेटीत घालून, टॉवेल पांघरून, मुंबईहून गाडीतून आणलेली. वाढदिवसाला बापाने घेऊन दिली म्हणे. पोरीच्या वाढदिवसाला बाप पाल आणतो हे ऐकून हिराला आपल्या झिलाच्या डोक्याची काळजी वाटली. पण ती गप्प बसली, आणि हिरा गप्प बसली की त्याला तसंच काही कारण असायचं.

कारण जान्हवीच होती. तिचा मुलगा सत्यवान मुंबईला नोकरीला लागला, दादरच्या प्रियांकाशी लग्न करून तिथलाच झाला. दरवर्षी मे महिन्यात गाडी दारात यायची, एक रात्र थांबायची आणि सकाळी गोव्याला पळायची. कधी पोरीला उकडायचं, कधी डास चावायचे, कधी माशाच्या वासाने मळमळायचं. सून वाईट नव्हती. "आई, पुढच्या वर्षी नक्की राहू हं," असं ती इतक्या गोड आवाजात म्हणायची की भांडायलाही जागा उरत नसे. हिराला राग यायचा तो त्या गोडव्याचाच. उघड नको म्हणाली असती तर चार शब्द सुनावून मन तरी मोकळं झालं असतं.

या वर्षी मात्र गोष्ट वेगळी होती. गोव्याच्या हॉटेलात प्राणी चालणार नव्हते, म्हणून टिकूला आजीकडे ठेवायचं ठरलं होतं. आणि निघताना जान्हवीने आपणहून म्हटलं, "तो इथे नीट राहिला ना आजी, तर येताना मी पण इथेच राहीन. शाळा सुरू होईपर्यंत."

हिराने सुनेकडे पाहिलं.

"राहू दे की," प्रियांका म्हणाली. "तिची इच्छा असेल तर मी कशाला मोडता घालू?"

झालं, हिराने लगेच मनातल्या मनात सगळा महिना लावून टाकला. पोरीच्या केसांना रोज तेल, वेणीत माळायला अबोलीचा वळेसर, संध्याकाळी होड्या लागल्या की तिला बोट धरून किनाऱ्यावर न्यायचं आणि सगळ्यांना दाखवायचं, ही बघा माझी नात. दहा वर्षांची झाली पोर, आणि वाडीतल्या निम्म्या बायकांनी तिला फक्त फोटोत पाहिलेली. पालीच्या पायी का होईना, पोर राहणार होती. पाल तर पाल.

जान्हवीने जाताना सगळं तोंडी पढवलं. टिकूला थंड लागतं, मुंबईत तो एसीच्या खोलीत असतो. पाणी गार हवं. नळाचं ताजं पाणी नको, त्यात औषध असतं, ते मुरू द्यायचं. बसायला दगड हवा, वर झाकण हवं, कारण तो काचेवरून चढून पळतो. खायला गांडूळ. हातात घ्यायचं नाही. बर्फ पाण्यात टाकायचा नाही.

"अजून काय ऱ्हवला?" हिराने विचारलं. "पाळणो टांगूचो काय?"

जान्हवी हसली. गाडी गेली. आणि दुपारी, भर उन्हात, वीज गेली.

त्या सालात भारनियमन म्हणजे पाचवीलाच पुजलेलं. दुपारी वीज गेली की ती कधी येईल हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पत्र्याच्या पडवीत पेटी ठेवली तर पाणी कोमट, माजघरात ठेवली तरी तेच. टिकू तळाशी आडवा पडला. हिराने समोर गांडूळ धरलं तर तोंड फिरवलं. सून जेवताना जेवढी नाटकं करते त्याच्या दुप्पट या पालीची, असं तिच्या मनात आलं.

पण गारव्याच्या बाबतीत हिराला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिची सगळी हयात बर्फावर गेली होती. दुसऱ्या दिवसापासून मासळीच्या बर्फाबरोबर ती पालीचाही बर्फ आणू लागली. पेटीवर जाळीचं झाकण होतं, त्यावर गोणपाट घालून बर्फ पसरायचा आणि वर दुसरं गोणपाट. बर्फ पाण्यात टाकायचा नव्हता ना, मग तो वरच ठेवला. वितळून थेंब थेंब आत पडायचा आणि पाणी छान गार व्हायचं. टिकू उठून बसला, गांडूळही खाल्लं. हिरा स्वतःवर खूश झाली आणि दाजीला म्हणाली, "बघा. मुंबयच्या येशीक काय सोना लागलासा?"

दाजी म्हणजे तिचा नवरा. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तो होडीवर जात नसे. दारापुढच्या खळ्यात बसून जाळी विणायची आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर मत द्यायचं, एवढी दोन कामं त्याने स्वतःकडे ठेवली होती.

"बरा केलंस," तो म्हणाला. "पण माका इचारशीत तर..."

"कोणी इचारला तुमका?"

हिराचा आनंद टिकला नाही. पाल पुन्हा बिघडली, आणि या वेळी निराळीच बिघडली. पाण्यात राहायलाच तयार नाही. सारखी काचेच्या कोपऱ्यात वर चढायची, जाळीला नाक लावून लोंबकळायची, पडायची, पुन्हा चढायची. अंगावरची कातडी पांढरट होऊन तिच्या चिंध्या सुटल्या. हिराने बर्फ वाढवला तर पाल आणखी वर. अजून वाढवला तर आणखी. त्यात मांजराने जाळीवर ठाण मांडलं. त्याला हाकललं तर गांडुळांच्या डब्याला मुंग्या लागल्या. बाजारात गिऱ्हाईक "हिरा, सुरमय कशी?" विचारायचं आणि हिराच्या डोळ्यांसमोर ती सोललेली पाठ यायची. नाकीनऊ आले. आयुष्यात तिने किती जीव मेलेले पाहिले असतील, पण एक जीव जगवताना इतकी दमछाक कधी झाली नव्हती.

"मेल्या, काय होया काय तुका?" ती पेटीपाशी बसून ओरडली. "थंड होया, दिलंय. किडे होये, खणून हाडलंय. आता काय माझो जीव घेतलंस?"

"तेका सोबत होयी," दाजी मागून म्हणाला. "एकटो जीव झुरता. आपला चेडू, जान्हवी, म्हणाला नाय, बेडकांचो सोयरो म्हणान?"

आणि हिरा बाजारात गेल्याची संधी साधून त्याने न्हाणीच्या कोपऱ्यातला बेडूक पकडला आणि पेटीत सोडला. हा न्हाणीतला बेडूक कित्येक वर्षांचा रहिवासी. साबणाचं पाणी अंगावर पडो, गरम तांब्या पडो, तो दगडामागून हलत नसे. पाटी उतरवून हिरा घरात शिरते तो आत धाडधाड आवाज. बेडूक पेटीत उड्या मारत होता, जाळीवर डोकं आपटत होता, पाण्यात पडला की चटका बसल्यासारखा परत उसळत होता. टिकू बिचारा कोपऱ्यात चिकटून.

"कोणी घातल्यान ह्येका?"

"मीच. सोबत म्हणान..."

"तुमच्या सोबतीक शिरा पडो! सोयरो पावणो आणलास तो तेचा मुंडक्या फोडूक?" हिराने जाळी उचलून बेडूक बाहेर काढला. तो थेट न्हाणीच्या मोरीकडे पळाला आणि चुळकाभर साबणाच्या पाण्यात अंग बुडवून बसला, आता कुठे जीवात जीव आला असा.

हिरा त्याच्याकडे बघत राहिली. साबणाच्या घाण पाण्यात सुखाने बसणारा प्राणी, आणि या स्वच्छ गार पाण्यात घटकाभर टिकेना. काहीतरी चुकत होतं. तिने पेटीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

खारट. चक्क खारट.

क्षणभर तिला कळेना. विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं म्हणून तिने ते मुद्दाम घातलंच नव्हतं. हे नळाचं, मुरवलेलं. मग तिने वरचं गोणपाट उचललं. बर्फाच्या फटीफटीत खडेमीठ चमकत होतं.

तिचंच. दुसऱ्या कुणाचं असणार? बर्फ पसरला की वर मूठभर मीठ मारायचं, म्हणजे गारवा वाढतो आणि मासळी कडक राहते. आयुष्यभर हात तेच करत आला होता. डोक्याला न विचारता हाताने रोज पालीच्या बर्फावरही मीठ मारलं होतं, आणि पाल जितकी तडफडली तितका बर्फ वाढवला, आणि बर्फ वाढवला तितकं मीठ. नातीचं लाडकं जनावर तिने सुकटासारखं खारवायला घातलं होतं. हिराने कपाळावर हात मारून घेतला. रडूही आलं आणि आपलाच हात तोडून टाकावा असा संतापही आला.

"अवो, माझ्याच हातान मीठ घातलंय," ती म्हणाली. "माझ्याच हातान."

पण रडायला सवड नव्हती. घरात बिनमिठाचं, मुरलेलं, गार असं पाणी एकाच ठिकाणी होतं. तिने टिकूला ओंजळीत उचललं, हातात घ्यायचं नाही हे विसरून, आणि स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या मडक्यात सोडलं. चांगलं रुंद तोंडाचं, काळं मडकं. तो तळाशी गेला आणि पसरून पडला. मेला की आहे, कळेना. हिरा तशीच पाय दुमडून मडक्याशेजारी बसली.

थोड्या वेळाने दाजी आला, पेला घेतला, झाकण सारलं, बुडवला, आणि ओठाला लावणार तोच किंचाळला. "गो! पिवच्या पाण्यात पाल!"

"ऱ्हवांदे थंय."

"आणि मी काय पिव?"

"चाय पिया."

संध्याकाळी टिकूने मान वर केली. दुसऱ्या दिवशी तो मडक्याच्या आतल्या भिंतीला पाय लावून निवांत तरंगताना दिसला, आणि गांडुळावर असा तुटून पडला की हिराने देवासमोर साखर ठेवली. ना बर्फ, ना वीज. मडकं पाझरत होतं, वारा लागत होता, पाणी आपोआप गार. एवढी साधी गोष्ट! एवढ्यासाठी आपण जिवाचा आटापिटा केला म्हणून तिला पुन्हा संताप आला.

मग तिने दाजीला समोर बसवलं.

"जान्हवीची शपथ घेवा. ह्या मिठाचा कोणाक म्हणान कळता नये."

"गो, पण आता तर..."

"ती ऱ्हवतली काय नाय तेचो प्रश्न आसा. आजयेन माझ्या टिकूक मीठ लावल्यान असा कळला तर ती हंय पाय ठेवात? शपथ घेवा."

दाजी देवभोळा माणूस. नातीची शपथ म्हणजे त्याच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हती. त्याने तुळशीकडे बघून शपथ घेतली आणि त्या दिवसापुरता जेवलाही कमीच.

पुढचं संकट पाण्याचं. मडक्यातलं पाणी बदलायला हवं, आणि नेमका त्या आठवड्यात नळ बंद. कुठेतरी पाइप फुटला होता. विहिरी मचूळ. समुद्राला पाण्याचा तोटा नव्हता, पण त्याचं नावही आता काढायला नको. शेवटी हिरा मोठा कॅन घेऊन कुडाळच्या गाडीत बसली आणि धामापूरला उतरली. भगवतीच्या देवळासमोर तळं भरलेलं, हिरवंगार. पूर्वी म्हणे लग्नाला या तळ्याकडे दागिने मागितले की ते द्यायचं. हिराने पाणी मागितलं. देवीला हात जोडून तिने स्पष्टच सांगितलं, "आवशी, पालीसाठी इलंय. हसा नको. नातीक ऱ्हवांदे." पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडून तिने पदरात बांधलं, आणि काठचं एक नेच्याचं रोप मुळासकट.

परतीला कंडक्टरने कॅनकडे बघून नाक मुरडलं. "मावशे, मालवणात काय पाणी गावना नाय?"

"तुका कित्याक पंचायती? तिकीट फाड."

घरी आल्यावर मडकं थंड राहावं म्हणून ओल्या वाळूत बसवायचं तिने ठरवलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की वाळूही खारी. उभा जन्म किनाऱ्यावर काढलेल्या बाईला मूठभर बिनमिठाची वाळू मिळेना. शेवटी शेजारच्या सोकोरोबाईंच्या ओट्याचं काम चाललं होतं, तिथली नदीची वाळू तिने टोपलीभर मागून आणली. सोकोरोबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, तोंडाने फटकळ. "हिरा," त्या म्हणाल्या, "पालीक बंगलो बांधतंस मगो?"

बंगलाच झाला. आंब्याच्या लाकडी खोक्यात ओली वाळू, वाळूत गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं, आत अर्धं धामापूरचं पाणी, पाण्यातून वर आलेला एक तिरपा दगड, दगडावर शेवाळ, कडेला नेचा. तोंडावर बारीक आसाचं, बारीक भोकांचं जाळं दाजीने असं ताणून बांधलं की मुंगी जाईल, पाल जाणार नाही. खोकं मागच्या पडवीत, न्हाणीच्या सावलीला. आणि उरलेल्या शेवाळाचं काय करायचं म्हणून न्हाणीतल्या बेडकासाठी एक फुटकं मडकं आडवं टाकून त्यात ते पसरलं. काथ्या ओला करून घातला, पुढे पाण्याची करवंटी ठेवली. बेडूक त्याच दिवशी राहायला आला. त्याने निदान नखरे केले नाहीत.

हिरा आता रोज मडक्यात डोकवायची. टिकू दगडावर चढायचा, शेवाळात शिरायचा, फक्त नाक बाहेर ठेवून बसायचा. अंगावर नवी कातडी आली होती, तुकतुकीत काळी. गांडूळ तर तो तिच्या बोटातून घ्यायचा. तिला तो आवडू लागला होता असं कुणी म्हणालं असतं तर तिने त्याला उभा चिरला असता. तो तिला आवडत नव्हता. तो बरा होता, म्हणजे जान्हवी राहणार होती. तिने मुंबईकरांसाठीची गादी उन्हात घातली, नवी मच्छरदाणी आणली, आणि पोरीला वास येऊ नये म्हणून मासळीच्या पाट्या उचलून माडाखाली नेऊन ठेवल्या.

गाडी आली ती भर दुपारी. जान्हवी दार उघडायच्या आधीच ओरडत होती, "टिकू कसा आहे?" हिराने तिला मागच्या पडवीत नेलं.

पोर खोक्यापाशी गुडघ्यावर बसली. टिकू शेवाळातून बाहेर आला, दगडावर चढला, आणि हिराने जाळं सैल करून धरलेलं गांडूळ त्याने एका झटक्यात ओढलं. जान्हवीचे डोळे विस्फारले. मग तिला बेडकाचं घर दिसलं, त्यातून बाहेर आलेलं चपटं डोकं दिसलं, आणि ती उठून हिराच्या कमरेला घट्ट बिलगली. लुगड्याला माशाचा वास असेलच, पण तिने तोंड फिरवलं नाही. हिराला वाटलं, झालं, सगळं भरून पावलं. तिने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"आजी, हे सगळं तू केलंस?"

"मगे कोण? ह्यांनी?"

"आई, बाबा, बघायला या ना! तो चालतोय. काचेच्या पेटीत तो असा कधीच चालत नव्हता."

सत्यवान आला, प्रियांका आली. प्रियांकाने मडक्याला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "अय्या, किती गार आहे. आई, कमाल आहे तुमची." आणि हिराला सुनेचा गोड आवाज पहिल्यांदाच खरा वाटला.

जेवणं झाली. हिराने मच्छरदाणी लावायला घेतली तेव्हा जान्हवी जवळ आली. चेहरा गंभीर. दहा वर्षांच्या पोरी मोठा निर्णय घेताना करतात तसा.

"आजी, मी ठरवलंय. टिकूला इथेच ठेवू या. कायमचा."

"ठेव की. तू हंय असताना..."

"नाही गं, मी तर जाणार." तिने सहज सांगितलं. "मला वाटलं होतं तुला जमणार नाही, म्हणून मी राहणार होते. पण तू तर माझ्यापेक्षा छान सांभाळतेस. मग मी कशाला हवी? आणि सोमवारपासून पोहण्याचा क्लास आहे, मैत्रिणी पण येणारेत."

मच्छरदाणीची दोरी हिराच्या हातातच राहिली.

"खरं सांगायचं तर आई, सुटले मी," प्रियांका दारातून म्हणाली. "त्या पेटीपायी दिवसभर एसी चालू ठेवावा लागायचा. इथे तो किती सुखात आहे."

हिराच्या डोक्यात एकदम लख्ख पडलं. पाल मरायला टेकली असती, निदान मरायला टेकली होती हे पोरीला कळलं असतं, तर ती एक दिवसही हलली नसती. आपणच आपल्या हाताने तिची गरज संपवली. मग तिने मागचापुढचा विचार केला नाही.

"जमत नाय माका!" ती ओरडली. "कोण म्हणता जमता? मारतलंय होतंय तेका मी! मीठ घातलंय पाण्यात. सगळी कातडी गेली तेची, चिंध्यो झाल्यो. तू गेलंस तर मी परत घालतलंय. हात ऐकाना नाय माझो!"

मग सत्यवान हसला. प्रियांकाही हसली. "आई, असं बोलून सुटका नाही हं तुमची," ती म्हणाली. "कातडी गेलेला असा दिसतो का?"

"आजी, खोटं नको ना बोलू," जान्हवी म्हणाली. "तुला कंटाळा आलाय का त्याचा?"

"खोटा नाय गो बाय. ह्यांका इचार. अवो, सांगा! बर्फावर मीठ घातलंय होतंय काय नाय?"

सगळ्यांनी दाजीकडे पाहिलं. दाजीने नातीकडे पाहिलं, तुळशीकडे पाहिलं, आणि जाळ्याची सुई उचलली.

"माका कायेक म्हायत नाय," तो म्हणाला.

हिराने त्याच्याकडे अशी नजर टाकली की दुसरा कुणी असता तर जागेवर राख झाला असता. पण काय करणार? शपथ तिनेच घातली होती.

उन्हं कलता कलता गाडी निघाली. जान्हवीने मडक्यात वाकून टिकूचा निरोप घेतला, त्याला खूप वेळ काहीतरी सांगितलं. मग आजीच्या पाया पडली. "त्याची काळजी घेशील ना?" म्हणाली. हिरा "होय" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी ती अंगणातच उभी होती, हातात मच्छरदाणीची दोरी.

"मी काय करू गो?" दाजी मागून म्हणाला. "चेडवाची शपथ..."

"गप ऱ्हवा."

ती मागच्या पडवीत जाऊन खोक्यापाशी बसली. टिकू दगडावर बसून तिच्याकडे बघत होता. मुंबईत ज्याच्याकडून तो घेतला तो माणूस म्हणाला होता म्हणे, हे न्यूट पुष्कळ वर्षं जगतात. जगणारच. सगळं मनासारखं मिळाल्यावर मरेल कशाला? हिराला त्याचा मनापासून राग आला, आणि तरी खोक्यातली वाळू सुकल्यासारखी वाटली म्हणून तिने तांब्या आणून ती भिजवली.

दिवेलागणीला फोन वाजला. सत्यवानाने मागच्या वर्षी घेऊन दिलेला मोबाइल, ज्यावर आजवर फक्त त्याचाच आवाज आलेला. या वेळी पलीकडे जान्हवी होती. आपणहून, पहिल्यांदाच. आवाज तुटत होता. गाडी घाट चढत असावी.

"आजी, टिकू जेवला का?"

जमिनीवर ताटं मांडलेली होती, दाजी वाट बघत होता, आणि आपल्याला घास जाणार नाही हे हिराला ठाऊक होतं.

"तो जेवलो," ती म्हणाली. "मी जेवूक नाय. माझा कोण इचारतला गो? मी तुझी वाट बघत होतंय."

पलीकडे नुसती खरखर. "हॅलो? आजी? जेवला ना तो?" असं काहीसं ऐकू आलं आणि रेंज गेली. तिचं बोलणं किती पोचलं, पोचलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. दाजी म्हणाला, "परत लाव." हिराने फोन फळीवर ठेवला. पुन्हा लावला असता तर पोरीने पुन्हा तेच विचारलं असतं, आणि तिने पुन्हा तेच सांगितलं असतं, की तो जेवलाय.